मिलिट्री बाजूला काढा

आमच्या शेडमध्ये नवीन माणूस कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. मिलिट्री बाजूला काढा. बाकीचं हळूहळू येतं. कुठला शर्ट घालण्याजोगा, कुठला नाही, लोकरीत कसर कुठे शोधायची, हे काम करता करता हातात बसतं. पण मिलिट्री सुटली तर माफी नाही.

शेड म्हणजे शारजाच्या हमरिया फ्री झोनमधलं जुन्या कपड्यांचं गोदाम. युरोपातून, बहुतेक जर्मनीतून, लोकांनी टाकून दिलेले कपडे कंटेनर भरून येतात. ते लांब टेबलांवर ओततात, बायका निवडतात, आणि घालण्याजोगा माल प्रेसमध्ये दाबून गाठी बांधून आफ्रिकेला पाठवतात. उरलेल्याच्या चिंध्या होतात. त्या गॅरेजवाले आणि जहाजदुरुस्तीवाले तेलाचे हात पुसायला नेतात. सैनिकांच्या गणवेशावर असतात तसे हिरवे-तपकिरी डाग ज्यावर छापलेत तो कुठलाही कपडा म्हणजे आमची मिलिट्री. मग ती खऱ्या शिपायाची पँट असो, मॉलमधली फॅशन असो, नाही तर तान्ह्या बाळाचं टोपडं असो. आफ्रिकेतल्या काही देशांत साध्या माणसाने असला कपडा घालणं गुन्हा आहे. बंदरावर एक तुकडा जरी सापडला तरी सगळा कंटेनर अडकून बसतो. म्हणून मिलिट्री कितीही नवी कोरी असली तरी ती सरळ कटिंगला जाते. बटणं काढायची, चेन काढायची आणि पात्याखाली द्यायची.

हे सगळं शेवटचं बघायचं टेबल आमच्या ह्यांचं. बायकांच्या हातून निसटलेलं काही असेल तर ते गाठीत जायच्या आधी ह्यांनी पकडायचं. हे मूळचे इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या-छापायच्या कारखान्यात, कापड तपासायला होते. खाली काच, काचेखाली दिवे, वरून कापड पळतंय, आणि पळत्या कापडातला तुटका धागा ह्यांनी धरायचा. तिथून इकडे आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. मुलगी इथेच वाढली. आमच्या मालकांचं घराणं पुण्याकडचं. म्हातारे शेठ गेले, आता मुलगा बघतो. तो आम्हाला काका-काकू म्हणतो आणि कुणी गिऱ्हाईक आलं की त्याला ह्यांच्या टेबलापाशी आणून सांगतो, "आमच्या काकांच्या नजरेतून मिलिट्री सुटणं इम्पॉसिबल." मला ते ऐकून आतून फार बरं वाटायचं. वरून मी म्हणायचे, "घरात समोर ठेवलेला चष्मा सापडत नाही ह्यांना." मग सगळ्या बायका हसायच्या.

माझं काम गाठींवर लेबलं लावायचं, म्हणजे प्रेसच्या पलीकडे, ह्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर. ह्यांचा स्वभाव पहिल्यापासून चेष्टेखोर. मालात आलेली जर्मन बायकांची पिसांची टोपी घालून दिवसभर फिरतील. माझं लेबलांचं बंडल लपवतील आणि माझ्याबरोबर स्वतःच शोधायला लागतील. संसार करून करून मलाही सवय लागली होती की, ह्यांचं काही विचित्र वागणं दिसलं की ती गंमतच आहे असं धरून चालायचं. सोयीची सवय होती ती. ह्यांनाही फार सोयीची पडली हे मला पुढे कळलं.

त्या दिवशी प्रेसमध्ये भरायच्या ढिगातून एक बाही बाहेर लोंबत होती. माझं लक्ष गेलं ते विणीमुळे. इचलकरंजीच्या बाईचं लक्ष रंगाच्या आधी विणीकडे जातं. जाड, घट्ट, जुन्या काळचं कापड. मी बाही धरून ओढली तर एक झगा हातात आला. कॉलर नाही, बटणं नाहीत, डोक्यातून घालायचा. गळ्यापाशी भोकांतून ओवलेली दोरी. मनगटाला आणि कमरेला इलॅस्टिक, पण त्यातला जीव केव्हाच गेलेला. आणि अंगभर छाप. तपकिरी, नारिंगी, काळे असे बारीक ठिपके आणि पानांसारखे डाग. उलटा केला तर आतून दुसराच छाप. हिरवा, पोपटी, पालवी फुटल्यासारखा. एकाच कापडावर दोन्हीकडून वेगवेगळी छपाई. हे काम किती अवघड असतं ते मला माहीत आहे. मी तिथे उभ्या उभ्या त्या छापणाऱ्याला मनातल्या मनात दाद दिली.

मग लक्षात आलं की अरे, ही तर मिलिट्री.

"अहो," मी ओरडले, "ही तुम्ही गाठीत टाकलीत?"

ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मुद्दाम टाकली. तुझं लक्ष असतं का नुसती लेबलं चाटत बसतेस, ते बघत होतो."

मी म्हटलं, "पुरे झालं शहाणपण." आणि विषय संपला. खरंच संपला. मला शंकासुद्धा आली नाही.

झगा मात्र माझ्या डोक्यातून जाईना. आमची मुलगी तिकडे अबू धाबीला खलिफा सिटीत राहते, एका इंटिरिअरवाल्यांकडे पडद्याची आणि सोफ्याची कापडं निवडायचं काम करते. आमच्या घरात कापड कुणाला सुटत नाही. तिला ही दुहेरी छपाई दाखवावी म्हणून मी शेठला विचारून तो झगा घरी आणला. हाताने धुतला. काखेत कुणीतरी काळ्या दोऱ्याने फार निगुतीने रफू केलेलं होतं आणि खालच्या काठाला बागेतली असते तशी माती शिवणीत गच्च बसलेली होती. धुताना मला त्या रफू करणाऱ्या बाईची माया वाटली. मग मी दोन्ही बाजूंचे फोटो काढून मुलीला पाठवले.

तिचा फोन लगेच आला. "आई, धिस इज नॉट अ ड्रेस. इट्स जर्मन आर्मी, सेकंड वर्ल्ड वॉर. वन साइड फॉर स्प्रिंग, वन साइड फॉर ऑटम. द वर्स्ट ऑफ देम वोअर धिस, आई. प्लीज डोन्ट कीप इट अॅट होम."

"वर्स्ट म्हणजे?"

"म्हणजे, दे किल्ड पीपल लाइक इट वॉज देअर जॉब," ती म्हणाली. "इट वॉज देअर जॉब."

मी फोन ठेवला आणि हात धुतले. साबण लावून धुतले. मघाशी ज्या छपाईला मी दाद दिली होती तीच आता नको वाटत होती. झाडीत लपलेला माणूस दिसू नये म्हणून कुणीतरी किती डोकं चालवलं होतं. पालवीच्या दिवसांत हिरवी बाजू, पानगळीत तपकिरी. कुठला ठिपका कुठे पडला म्हणजे खांदा खांदा वाटणार नाही, याचा विचार करून. एवढी अक्कल, एवढी कारागिरी, आणि ती कशाच्या कामी आली. आणि तो घालणारा घरी परतला असणार, म्हणून तर बागेची माती लागली. घरच्या बाईने रफू करून दिलं असणार. हा झगा घालून कुणीतरी वर्षानुवर्षं गुलाबाची रोपं लावली असणार आणि घरातल्या कुणी काही विचारलं नसणार. शेवटी घर रिकामं करताना कुणीतरी तो पिशवीत कोंबून आमच्याकडे पाठवून दिला.

रविवार होता, दुपारची जेवणं झाली होती. आमच्या सोफ्याला मी मालातच निघालेल्या एका जर्मन पडद्याचं कव्हर शिवलंय, तपकिरी-नारिंगी पानांचं. वाळलेला झगा मी घडी न करता तसाच सोफ्यावर टाकला होता, तपकिरी बाजू वर. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. हे आतल्या खोलीतून आले आणि सोफ्यासमोर उभे राहिले.

"अगं, कुठे ठेवलास तो झगा? बघू तरी पोरगी एवढी का भडकली ते."

"समोर आहे तुमच्या."

"कुठे समोर?"

मी हसले. हे सुरू झाले, म्हटलं. लेबलांच्या बंडलासारखं. ह्यांनी हात पुढे केला तो उशीवर पडला. मी वाट बघत होते की आता वळतील आणि डोळा मारतील. ते वळले नाहीत. हात सोफ्यावरून सरकत राहिला, बोटं किंचित दाबत, कापड तपासतात तशी. पडद्याचं कव्हर चाचपलं, ते सोडलं, पुढे गेली, आणि मग त्या जाड कापडावर येऊन थांबली.

"हां," हे म्हणाले. "सापडला."

माझं हसू तोंडातच राहिलं. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला दिसत नव्हता?"

ह्यांनी झगा उचलून मांडीवर घेतला आणि बसले. मग जे सांगितलं ते असं, की उजवा डोळा खलास. डाव्याने नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, तेही धुक्यातलं. उजेड-अंधार कळतो, पांढरं-काळं कळतं, पण हिरवं-तपकिरी सगळं एकच. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलेलं. हे एकटे गेले होते, एकटे आले होते. डोळ्यांत थेंब घालायचे ते मला माहीत होतं. शेडमधल्या धुळीने डोळे कोरडे पडतात, असं मला सांगितलेलं. गाडी विकली होती. शारजाच्या ट्रॅफिकला कंटाळलो, कंपनीच्या बसने झोपत जातो, असं सांगितलं होतं. मी ते शेजारणींना कौतुकाने सांगत होते, की आमचे हे शहाणे, रोजचा दोन तासांचा ताप वाचवला.

"मग मिलिट्री कशी काढता?" मी विचारलं.

"बोटांनी. त्या कापडाचा जाडपणा वेगळा. मांडीवर खिसे असतात. दोन वर्षांत एकही सुटली नाही माझ्या हातून." हे बोलताना ह्यांचा आवाज मुळीच पडलेला नव्हता. "हाच पहिला. ह्याला खिसे नाहीत ना."

माझ्या मनात आलं की बायकांच्या लेगिंग्ज, तान्ह्या पोरांच्या टोप्या, त्यांना कुठले खिसे? पण तेव्हा ते विचारायची वेळ नव्हती. मला रडू येत होतं आणि ह्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, आणि मग लक्षात आलं की आवाज न करता रडलं तर ह्यांना कळणारही नाही. मी तशीच रडले. त्या दुपारइतकी एकटी मी उभ्या आयुष्यात कधी नव्हते.

परत जाऊ या, असं मी दोन दिवसांनी म्हणून पाहिलं. हे म्हणाले, "जाऊन काय करू? भावाच्या ओट्यावर बसू? तिथे सगळ्यांना माहीत आहे मी कोण होतो." ते खरं होतं. इथेही खरं तर सगळं त्या एका टेबलावर टिकलेलं. ह्यांची नोकरी गेली की ह्यांचा व्हिसा गेला, ह्यांच्यावर माझा व्हिसा, तोही गेला. काही आठवड्यांत गाशा गुंडाळायचा. मुलगी इथे, आणि आम्ही तिकडे, एक आंधळा आणि एक त्याला धरून चालणारी.

म्हणून मी ह्यांच्या शेजारी उभी राहायचं ठरवलं. शेठला म्हटलं, लेबलांसाठी खाली वाकून गुडघे गेलेत, मला शेवटच्या टेबलावर द्या, घड्या घालते. तो म्हणाला, "काकू, एनी टाइम." लेबलांवर एक नवी मुलगी आली. मी ह्यांच्या डाव्या हाताला उभी राहू लागले. मिलिट्री आली की मी ती ह्यांच्यापुढे सरकवायची आणि कोपराला हळूच स्पर्श करायचा, मग हे ती झोकात उचलून पलीकडच्या पिंपात फेकायचे. फेकताना अरबीत "यल्ला", म्हणजे चला, असं म्हणायचे. कुणालाही वाटावं की ह्यांनीच हेरली.

टेबलावरच्या बायकांत सगळ्यांत जुनी एक नेपाळी बाई आहे. वयाने माझ्याएवढी, पण आम्ही सगळ्या तिला दीदी म्हणतो. मी पहिल्या दिवशी तिथे उभी राहिले तेव्हा ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अच्छा किया भाभी. अब आप हो इधर." मला वाटलं, नवरा-बायको जवळ आले म्हणून चिडवतेय. मीही लाजल्यासारखं केलं.

उन्हाळा त्याच रीतीने गेला. काम चोख चाललं होतं, पण मी आतून पोखरून निघाले होते. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघायचं, एकीकडे कुणाच्या लक्षात येत नाही ना ते बघायचं, आणि बसमध्ये ह्यांची पायरी चुकू नये म्हणून पुढे चालायचं, तेही हात न धरता. घरी आलो की दोघांना बोलायला काही उरायचं नाही. ह्यांची चेष्टामस्करी बंद झाली. ती सगळी पांघरूण घालायला होती का मुळातली होती, हे मला आजही ठरवता येत नाही. झगा कपाटाच्या तळाशी पडून होता. कटिंगला नेते म्हटलं तर हे म्हणाले, "राहू दे. मला पकडणारा तेवढाच एक निघाला."

मग मुलगी तिच्या इमारतीच्या जिन्यावरून पडली आणि पायाला प्लास्टर घातलं. मला दोन दिवस खलिफा सिटीला जाणं भाग होतं. ह्यांना म्हटलं, तुम्हीही रजा टाका. हे चिडले. "दोन वर्षं कुणी होतं का माझ्याशेजारी? मी सांभाळतो." टेबल रिकामं दिसू नये म्हणून मी लेबलवाल्या मुलीला सांगितलं की माझ्या जागी उभी राहून घड्या घाल. घड्या घाल, एवढंच सांगितलं. दुसरं काय सांगणार होते? आणखी कुणाला तर काहीच बोलले नाही. आमचं गुपित होतं ते.

दोन दिवस मुलीचं केलं, परत आले. सगळं ठीक होतं. हे खुशीत होते. "बघ, खलास झालो का मी?" म्हणाले.

काही आठवड्यांनी शेठने आम्हा दोघांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

"काका, कंटेनर होल्ड झालाय. पोर्टवर उघडला. मिलिट्री निघाली." त्याने फोनवरचा फोटो पुढे केला. लहान मुलीचा फ्रॉक होता, मऊ सुती, झालरीचा, आणि त्यावर मिलिट्रीचा छाप. वरून गाठीच्या लेबलाचाही फोटो. तारीख मी नसतानाची.

ह्यांनी फोन हातात घेतला. तेवढ्यात शेठला कुणीतरी दारातून हाक मारली, तो वळून दोन शब्द बोलला आणि परत ह्यांच्याकडे बघू लागला. हे फोन डोळ्यांजवळ धरून मान हलवत होते.

"हा आपला माल नाही," हे म्हणाले. "असला हिरवा माझ्या नजरेतून सुटला नसता."

फोनचा उजेड केव्हाच गेला होता. हे काळ्या काचेकडे बघून बोलत होते. मी काही करायच्या आत शेठने ते पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. मग त्याने पुढे होऊन ह्यांच्या हातातून फोन इतक्या हळू काढून घेतला, की त्याने ओरडायला हवं होतं असं मला वाटलं.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं."

हे रिकामा हात तसाच पुढे धरून उभे होते.

"बायरला मला उत्तर द्यायचंय. मी आता काही करू शकत नाही, काका. आय अॅम सॉरी. पेपर्स मी नीट करून देतो. घाई नाही. इन्शाल्ला सगळं नीट होईल."

इन्शाल्ला. मी मान हलवली. काय नीट होणार होतं?

शेवटच्या आठवड्यात एकदा मी पाण्याच्या कूलरपाशी उभी होते. दीदी आली, ग्लास भरला, पण प्यायली नाही. म्हणाली, "भाभी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना."

मी म्हटलं, "बोलो."

"हमको मालूम था. भैया का आँख का. दो साल से मालूम था. हम लोग मिलिट्री पहले ही निकाल देते थे, अपने टेबल पे. डबल देखते थे. भैया तक कुछ जाने ही नहीं देते थे."

मी नळाखाली धरलेला माझा ग्लास मागे घेतला.

"फिर आप आके खड़ी हो गई," ती म्हणाली. "हमने सोचा, अब घर का आदमी देख रहा है, हम क्यों बीच में पड़ें. आपको बुरा लगेगा. तो डबल देखना छोड़ दिया. आप दो दिन नहीं थी, वो लड़की खड़ी थी. हमने सोचा आपने उसको बोला होगा."

"मैंने किसी को नहीं बोला," मी म्हटलं.

"हाँ," ती म्हणाली. "हमने भी नहीं बोला."

मग मला तो झगा आठवला. तो कसा काय पोचला ह्यांच्यापर्यंत, मी विचारलं. दीदीने जरा आठवलं. "वो जर्मन वाला? वो तो हमको फूलवाला लगा, भाभी. नाइटी जैसा. मिलिट्री ऐसा कहाँ होता है."

म्हणजे दोन वर्षांत ह्यांच्या हातापर्यंत पोचलेली ती एकच मिलिट्री होती, आणि ती ह्यांनी सरळ गाठीत टाकली होती. बोटांना जाड आणि खिशांच्या लागल्या म्हणून ह्यांनी कटिंगला टाकल्या त्या साध्याच पँटी होत्या, मिलिट्री बोटांनी एकही काढलेली नव्हती. काढायला कधी आलीच नव्हती. ह्यांना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं. त्या टेबलावरच्या नेपाळच्या, युगांडाच्या, मुलतानच्या बायकांना ठाऊक होतं आणि त्यांनी ह्यांना सांभाळलं होतं. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि ते मोडलं. ह्यांचा राग आला, की मला आधी बोलले नाहीत. बायकांचा राग आला, की एक शब्द टाकला असता तर काय झालं असतं. पण रागाने करणार काय. सगळ्यांनीच एकमेकांपासून झाकलं होतं आणि सगळ्यांनीच ते प्रेमाने केलं होतं, आणि तरी आमचं घर मोडलं. मी ग्लास ठेवला आणि परत टेबलाशी गेले. ह्यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ह्यांच्यापाशी आता तेवढी एकच गोष्ट उरली आहे, की दोन वर्षं बोटांनी काढली आणि एकही सुटली नाही. दिराला फोनवर तेच सांगतात, मुलीला तेच सांगतात.

कामाच्या शेवटच्या दिवशी तो झगा मी पिशवीत घालून नेला. सामानात न्यायचा नव्हता आणि मागे ठेवायचाही नव्हता. शेठ म्हणाला, "काकू, अशी जुनी वस्तू जपून ठेवणारे लोक असतात, मी विचारू का कुणाला?" हे म्हणाले, "मिलिट्री आहे. कटिंगला जाईल." ह्यांनी स्वतः गळ्यातली दोरी भोकाभोकातून ओढून काढली, बोटांनी, सावकाश, आणि कटिंगवाल्याच्या हातात झगा दिला. पातं फिरल्याचा आवाज ह्यांनी उभ्याने ऐकला. चिंध्या एक हिरवी बाजू वर, एक तपकिरी बाजू वर, अशा पडल्या आणि दुसऱ्या चिंध्यांत मिसळून गेल्या. मला वाटलं होतं त्याने काहीतरी हलकं वाटेल. काही वाटलं नाही.

मग हे म्हणाले, "आज शेवटचं टेबल मी एकट्याने बघतो. तू लांब उभी राहा. कुणी म्हणायला नको, बायको दाखवत होती."

मी लांब जाऊन उभी राहिले. टेबलावरचा माल पुढे सरकायला लागला. बायका नेहमीपेक्षा हळू काम करत होत्या. हे ताठ उभे होते, दोन्ही हात कापडावर. एक चादर, एक पुरुषी शर्ट, दोन पोरांचे स्वेटर. त्यांच्यामागून एक बायकी लेगिंग येत होती, मिलिट्रीची, अगदी पातळ. मला लांबून स्वच्छ दिसली. माझा पाय पुढे पडला. तेवढ्यात दीदीने न बघितल्यासारखं करून ती उचलली आणि स्वतःच्या एप्रनखाली घातली.

हे येईल तो कपडा चाचपत राहिले. टेबल रिकामं झालं तेव्हा ह्यांनी हात झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माल साफ है."

"हाँ भैया," दीदी म्हणाली. "साफ है."

हे वळले. कितीतरी महिन्यांनी ह्यांच्या तोंडावर ते जुनं, चेष्टेचं हसू होतं. जिथे मी रोज उभी राहायचे त्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून ह्यांनी विचारलं, "काय गं, सुटली का एक तरी?"

मी पलीकडे, ह्यांच्या पाठीमागे उभी होते.

"नाही," मी म्हटलं.